स्पेनमध्ये गोल्फ ट्रिप: ला मांगा की ला काला? चौघांचे चार खेळ, मदत हवी आहे

डबलबोगी

नमस्कार मंडळी,

आधीच सांगून ठेवतो, गोल्फ म्हणजे श्रीमंतांचे चोचले वगैरे चर्चा दुसऱ्या धाग्यावर करू. मी रिटायर झालोय आणि एवढी एकच चैन बायकोने पास केलीये.

तर झालंय असं की माझा साडू इंग्लंडात रेडिंगला असतो, तो दरवर्षी त्याच्या क्लबातल्या गोऱ्या मित्रांबरोबर स्पेनला जातो आणि आल्यावर आठवडाभर ग्रुपवर फोटो टाकून आमचं डोकं खातो. यंदा म्हणाला तुम्हीच या, चौघं जाऊ. मेहुणी शाळेत शिकवते त्यामुळे तिला सुट्टी फक्त ऑक्टोबरअखेरच्या हाफ टर्मची, म्हणजे तारखा हलणार नाहीत. पाच रात्री, तीन किंवा चार राउंड.

आता खरी अडचण. साडूचा हँडिकॅप ९ (ठरलेल्या फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, साधारण किती जास्त लागतात तो आकडा, कमी तेवढा चांगला), ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याच्या काठीने, लांब मारतो पण चेंडू कुठे जाईल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. माझा १८, पण चांगल्या दिवशी. बायको दोन वर्षांपूर्वी शिकली, हँडिकॅप ३६, एका फटक्यात जेमतेम १२० यार्ड पण रेषेत सरळ. आणि मेहुणी अजिबात खेळत नाही, तिला चार दिवस पूलवर बसवलं तर पाचव्या दिवशी आमचं काही खरं नाही.

म्हणून एकाच रिसॉर्टवर वेगवेगळ्या स्वभावाचे कोर्स असतील अशी जागा शोधतोय, रोज बॅगा उचलून गाडीने दुसरीकडे जाणं नको. तीन नावं निघाली. मुर्सियाकडचं ला मांगा क्लब, तिथे साउथ, नॉर्थ आणि वेस्ट असे तीन कोर्स. मिहासच्या डोंगरातलं ला काला, तिथेही तीन, अमेरिका, आशिया आणि युरोपा, आणि मालागा विमानतळ अर्ध्या तासावर. तिसरं जिरोनाजवळचं कामिराल, जे आधी पीजीए कातालुन्या होतं, तिथे स्टेडियम आणि टूर असे दोन. साडूला स्टेडियमच हवाय, कारण तिथे युरोपियन टूरच्या क्वालिफाइंग स्कूलची, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंच्या प्रवेश स्पर्धेची, फायनल व्हायची. मला त्या कोर्सचे फोटो बघूनच घाम फुटला.

प्रश्न असे: चौघांचा विचार करता यातलं कुठलं? कोर्स कुठल्या क्रमाने खेळावेत? ऑक्टोबरअखेर हवा कशी असते? आणि पुण्याहून स्वतःची किट न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी?

उत्रेख्तकर

मी ला मांगाला दोनदा गेलोय, डच ऑफिसवाल्यांबरोबर, त्यामुळे माझं मत तिकडेच झुकणार हे धरून चाला.

पहिली सूचना म्हणजे बुकिंग करताना नाव नीट बघा. ला मांगा नावाने शोधलं तर मार मेनोर हे खाऱ्या पाण्याचं सरोवर आणि समुद्र यांच्यामधल्या वीसेक किलोमीटर लांब वाळूच्या पट्ट्यावरची हॉटेलं येतात. क्लब त्या पट्ट्यावर नाहीच, तो आत लोस बेलोनेस गावाजवळ आहे. आमच्यातल्या एकाने तिकडे पट्ट्यावर फ्लॅट घेतला आणि रोज सकाळी धापा टाकत यायचा.

साउथ हा तिथला मोठा भाऊ. क्लब १९७२ ला सुरू झाला आणि १९७३ ते १९७७ सलग पाच स्पॅनिश ओपन तिथे झाल्या, १९७५ ची स्वतः अमेरिकेचा दिग्गज खेळाडू आर्नल्ड पामरने जिंकली आणि पुढे १९९२ मध्ये त्यानेच साउथ नव्याने बांधला. लांब आहे, पाणी भरपूर, पण फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, चांगले रुंद. नॉर्थ त्यामानाने आखूड, ताडाची झाडं आणि मधून मधून कोरडे ओढे, त्यांना तिकडे बार्रांको म्हणतात. ओढ्यात चेंडू गेला की रामराम म्हणायचं आणि पुढे जायचं, शोधायला उतरू नका. वेस्ट एकदम वेगळा, पाइनच्या झाडीतून वर खाली जाणारा, अरुंद, तिथे बग्गी घ्याच.

आणि आता मजा ऐका. तुम्हाला वाटत असेल की साउथ साडूसाठी, बाकीचे तुमच्यासाठी. माझा अनुभव उलटा आहे. साउथवर तुमचा साडू कुठेही मारो, चेंडू सापडतो. वेस्टवर ड्रायव्हर काढला की पाइनमध्ये टकटक आवाज येतो आणि संपलं. जो १२० यार्ड पण सरळ मारतो तो तिथे आरामात पुढे सरकतो. स्टेबलफर्ड (हँडिकॅप धरून प्रत्येक होलला गुण देण्याची पद्धत) खेळा आणि वेस्टवर वहिनींवर पैज लावा.

माझा क्रम: नॉर्थ, मग वेस्ट, एक दिवस सुट्टी, शेवटी साउथ. सुरुवातीलाच साउथवर जाऊ नका, पहिल्याच दिवशी मन खट्टू होतं.

डबलबोगी

@उत्रेख्तकर, अहो हे वाचून बायको इतकी खूश झालीये की तिने साडूला फोन लावून सांगून पण टाकलं. आता माघार नाही.

लालटीवाली

बायकोच्या बाजूने लिहिते कारण मीही ३६ पासूनच सुरुवात केली. तुम्ही पुण्यात कॅडी घेऊन खेळता ना? मग ही एक गोष्ट आत्तापासून घोकून घ्या, तिकडे कॅडी नसतो. बॅग स्वतः ओढायची, बंकर (वाळूचा खड्डा) स्वतः सारखा करायचा, आणि पटिंगची, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, ग्रीनवर, चेंडू ढकलण्याची लाइन स्वतः वाचायची. मी पहिल्यांदा पोर्तुगालला गेले तेव्हा ग्रीनवर चक्क मागे वळून बघितलं, कुणी "मॅडम, दीड कप डावीकडून" (कप म्हणजे भोकाची रुंदी) म्हणतंय का. कुणी नव्हतं. एकेका ग्रीनवर पटिंगचे तीन तीन, चार चार फटके, विचारू नका. जायच्या आधी महिनाभर कॅडीला फक्त बॅग धरायला लावा, बोलू देऊ नका.

दुसरं, तिकडे सगळं मीटरमध्ये. ग्रीनपासून १५० अंतर दाखवणारा खांब म्हणजे आपले जवळजवळ १६४ यार्ड. हे विसरलात तर दिवसभर प्रत्येक फटका आखूड पडेल आणि तुम्ही स्विंगला दोष देत बसाल. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, तिकडे बहुतेक पुरुषांची पिवळी आणि बायकांची लाल. साडूने आणखी मागच्या पांढऱ्या टीवरून खेळायचा हट्ट धरला तर त्याला एकट्याला जाऊ दे.

हँडिकॅपचा दाखला प्रिंट करून न्या, काही कोर्स मागतात. आणि स्लोप (साध्या खेळाडूला कोर्स किती अवघड जातो तो आकडा, मध्यम म्हणजे ११३) बघून कोर्स हँडिकॅप काढा, म्हणजे तुमच्या १८ ला स्लोपने गुणायचं, ११३ ने भागायचं, वर कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपवाल्याला तिथे साधारण लागणारे फटके) आणि पारमधला फरक मिळवायचा. समजा स्लोप १४० असला तर नुसत्या गुणाकार भागाकारानेच तुम्हाला २२ मिळतात. हक्काचे आहेत, सोडू नका.

गवतवेडा

हवेपेक्षा गवताचं विचारा! बर्म्युडा हे उन्हाळी गवत थंडीत पिवळं पडून झोपतं म्हणून दक्षिण युरोपात बरेच कोर्स शरद ऋतूत त्यावर राय नावाच्या थंडीतल्या गवताचं बी पेरतात, नेमकं तुमच्या तारखांच्या आसपास. त्या दिवसांत बग्गी फक्त रस्त्यावरूनच चालवायची, फेअरवे ओले, आणि ग्रीनला हवा खेळावी म्हणून भोकं पाडलेली असतील तर पटिंगची वाट. बुकिंगच्या आधी मेल टाकून तिन्ही कोर्सचं मेंटेनन्स कॅलेंडर मागवा. दोन कोर्स मोकळे असतील तर ठीक, एकच असेल तर दुसरं रिसॉर्ट बघा.

हवा म्हणाल तर मुर्सिया कोरडं, वर्षाला तीनेकशे मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे एका आठवड्यात पडतो तेवढा. पण शरद ऋतूत कधी कधी तो एकाच दिवशी सगळा कोसळतो. म्हणून सुट्टीचा दिवस आधीच ठरवू नका, हवेचा अंदाज बघून हलवता येईल असा ठेवा. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर सहा वाजून गेले की अंधार. दुपारी दोनचा टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) स्वस्त दिसेल, घेऊ नका.

कागदीघोडा

साडूकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल तर तो व्हिसाशिवाय जाईल, तुम्हा दोघांना शेंगेन व्हिसा लागेल. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तर लगेच अपॉइंटमेंट बघा. किमान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) आणि जादाच्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत. किटचं म्हणाल तर रेडिंगला साडूकडे जुनी किट पडलेली असणारच, पुण्याहून फक्त बूट, ग्लोव्ह आणि पटर न्या.

लिंबाचंपान

मेहुणीचं कुणीच बोलत नाही म्हणून मी. मी मुर्सियात दोन वर्षं शिकायला होते. तिला गाडीने कार्ताहेनाला पाठवा. शहराच्या मधोमध रोमन थिएटर आहे, १९८८ मध्ये बांधकाम करताना सापडलं, वर घरं उभी होती. बंदरावर पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं म्युझियम आहे आणि नौदलाच्या म्युझियममध्ये इसाक पेरालची १८८८ ची पाणबुडी. तिथेच कॅफे आसिआतिको प्यायला सांगा, कंडेन्स्ड मिल्क आणि दारू घातलेली कॉफी, त्यानंतर ती तुमची तक्रार करणार नाही. चालायची आवड असेल तर क्लबला लागूनच काल्ब्लांके हे संरक्षित निसर्ग उद्यान आहे, किनाऱ्यावर हॉटेल नाही की काही नाही.

शाकाहारी असाल तर सॅलड मागवतानाही "सिन आतून" (ट्युना नको) म्हणा, नाहीतर वर ट्युना येतोच. सारांगोयो मिळालं तर खा, दुधीसारख्या कोवळ्या भाजीची भुर्जी समजा, अंडं असतं. आणि शेवटी पापाराहोते, लिंबाच्या पानाला पीठ लावून तळतात, वर साखर दालचिनी. पान खायचं नसतं, वरचं भजं खाऊन पान टाकून द्यायचं.

डबलबोगी

सगळ्यांचे आभार. ला मांगा फायनल करतोय, मेल टाकलाय, मेंटेनन्सचं उत्तर आलं की पैसे भरतो. क्रम उत्रेख्तकरांचा, सुट्टीचा दिवस हलता. दिवाळीच्या आधी घरी परत. मेहुणीने कार्ताहेनाचं वाचून स्वतःच दोन दिवस मागून घेतलेत, आता आम्हालाच गाडी उरत नाही असं दिसतंय. बायकोच्या कॅडीला काल सांगितलं की बोलायचं नाही, तर तो नऊ होल गप्प राहिला पण मान डावीकडे उजवीकडे हलवत होता.

पापाराहोतेचं पान खायचं नसतं हे मात्र मी साडूला सांगणार नाहीये.