हेडफोन शोरूममध्ये नाही, मे महिन्यात कुलरपुढं बसून पारखावा

कुलरपुढचा_परभणीकर
मुद्दा सरळ आहे. पंचवीस-तीस हजारांचा वायरलेस हेडफोन घेताना आपण आवाजाला नको तेवढा भाव देतो. आधी आराम बघावा, मग आवाज. मी उलटं केलं आणि आता भोगतोय.

फेब्रुवारीत संभाजीनगरच्या एका एसी दुकानात कानाला लावला. तिथल्या पोरानं एक धडधडणारं गाणं लावलं, मी 'व्वा' म्हणालो आणि कार्ड काढलं. सगळं मिळून सात मिनिटं. माझं काम घरी बसून ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि टाइप करायची. दिवसाचे पाच-सहा तास हेडफोन कानावर. होळीपर्यंत तक्रार नव्हती. मग परभणीचा पारा चाळिशीच्या वर गेला आणि आपण काय घेतलं ते कळलं. नकली चामड्याची गादी, वीस मिनिटांत कानामागून घामाची धार. तासाभरानं काढला की 'पच्च' वाजतं, अगदी ओल्या भिंतीवरून पोस्टर सोलल्यासारखं. संध्याकाळी काळ्या गादीवर मिठाची पांढरी रेघ. हल्ली जुन्या धोतराचे गोल तुकडे कापून मध्ये ठेवतो. तीस हजारांचा माल आणि वर धोतराचा तुकडा!

आवाज उत्तम आहे, त्याबद्दल एक शब्द नाही. पण जो कानावर ठेवतच नाही त्याचा आवाज चाटायचा का? माझा हिशेब: शंभरातले सत्तर मार्क आरामाला, तीस आवाजाला. बोला.

खर्ज
परभणीकर, आराम पाहिजे तर लोड-तक्क्या घ्या, पाचशे रुपयांत येतो. हेडफोन ऐकायला असतो.

मी ख्याल ऐकतो, तेही रात्री अकरानंतर, सगळं घर झोपल्यावर. माझी परीक्षा ठरलेली आहे. दोन तानपुऱ्यांची जोड असलेलं मुद्रण लावायचं आणि गायक सुरू व्हायच्या आधीची दोन मिनिटं ऐकायची. जवारी, म्हणजे तारेखालच्या घोडीची घासणी, उघडी असेल तर तार छेडल्यावर स्वर फुलत जातो, त्यातून वरचे स्वर एकेक करून बाहेर पडतात. बरा हेडफोन ते फुलणं दाखवतो. वाईटात नुसतं 'घूं' ऐकू येतं, शेजारी पिठाची गिरणी चालल्यासारखं. मग डग्गा, म्हणजे तबल्याच्या जोडीतला खालच्या सुराचा, ऐकायचा. मनगट सरकवून काढलेली मींड, म्हणजे सुराची घसरण, खालून वर गेलेली कळते का, की सगळंच 'धब' म्हणून एका जागी बसतं? महागडे वायरलेस बहुतेक इथंच पडतात. दुकानात पहिल्या दणक्यात 'व्वा' निघावं म्हणून बेस फुगवून ठेवतात. डग्ग्याचा ढोल करून टाकतात.

तुम्ही त्याच 'व्वा'ला फसलात. चूक आवाजाला महत्त्व दिल्याची नाही, आवाज पारखता न आल्याची आहे. राग मानू नका.

कुलरपुढचा_परभणीकर
राग नाही. पण खर्जसाहेब, तुमचं घर रात्री अकराला शांत असतं, माझं काम दुपारी दोनला असतं. कुलर बंद केला तर मी शिजतो. चालू केला तर तुमचा तानपुरा सोडा, समोरचा माणूस काय बोलला तेही कळत नाही. ज्या परीक्षेला थंडगार आणि शांत खोली लागते ती आमच्याकडं वर्षातले तीन-चार महिनेच घेता येते.

लातूर_हॉस्टेल
दोघांचं वाचायलोय आन हसू यायलंय. तीस हजारात माझी वर्षाची मेस भागती राव. आम्ही एका रूममदी चौघं, नीटचा अभ्यास. मला ना तानपुरा पाहिजे ना गादी. बाजूचा पोट्टा रातच्याला फोनवर बोलायलाय ते बंद झालं पाहिजे, बास. दोन हजाराचा कानात घालायचा घेतला, डब्ब्यावर नॉइज कॅन्सलिंग लिहिलेलं. पंखा गायब झाला. आन पोट्टा आजून साफ ऐकू यायलाय! पयल्यापेक्षा जास्त साफ. महागात हे सुटतंय का न्हाई तेवढं सांगा.

वाळूज_नाइटशिफ्ट
लातूरकर, पूर्ण नाही सुटत. कारण सांगतो. बाहेरच्या माइकनं आवाज टिपायचा, त्याची बरोबर उलटी लाट आत सोडायची, दोन्ही एकमेकांना खातात. पंखा, कुलर, बसचं इंजिन असल्या एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर हे झकास चालतं. माणसाचं बोलणं, हॉर्न, कुकरची शिट्टी हे त्याहून वरच्या पट्टीतलं आणि क्षणाक्षणाला बदलणारं. तिथं उलटी लाट जुळवणं अवघड जातं, मग सगळा भार गादीवर पडतो. ती कानाभोवती किती घट्ट बसते त्यावर. पंखा गेल्यावर दोस्त जास्त स्पष्ट ऐकू येतो कारण पंखाच त्याला झाकत होता. दोस्तालाच सांग बाहेर जाऊन बोल म्हणून, फुकटात होईल.

असा हेडफोन बनवायची कल्पना बोस कंपनीच्या अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना सुचली. विमानात दिलेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या घरघरीपुढं काही ऐकू येईना, म्हणून तिथंच आकडेमोड सुरू केली. म्हणजे बघा, ही जात जन्मलीच गोंगाटातून. मी कंपनीच्या बसमधून रोज दीड तास येतो-जातो. हेडफोन नसताना इयरफोनचा आवाज शेवटच्या घरापर्यंत न्यायचो आणि घरी गेल्यावर कानात कुंईऽऽ व्हायचं. आता निम्म्यावर असतो. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. मला तर वाटतं तुम्ही दोघंही चुकलात. पहिला निकष शांतता. मग बाकीचं.

चष्मा_अंबाजोगाई
मी शिक्षिका आहे आणि वयाच्या नवव्या वर्षापासून चष्मा लावते, म्हणून या वादात बोलायचा मला जरा जास्त हक्क आहे. सगळेजण 'आवाज की आराम' असं दोन पारड्यांत घालून बसलाय. ती दोन नाहीतच.

एक करून बघा. डग्गा चांगला वाजतोय असं काहीही लावा, नॉइज कॅन्सलिंग बंद करा. आता कानावरच्या चष्म्याच्या काडीखाली करंगळी घालून गादी सुताएवढी उचला. डग्गा गेला? तेवढ्याशा फटीतून खालचे सूर सगळ्यात आधी गळतात. आता नॉइज कॅन्सलिंग चालू करून तेच करा. डग्गा बराचसा परत येतो, कारण कपाच्या आतला माइक कानाशी काय पोचतंय ते ऐकून कमी पडलेलं भरून काढतो. माझ्या चष्म्याची काडी जाड आहे, म्हणजे माझ्या कानाशी ही फट कायमचीच. तुमचा हेडफोन आणि माझा हेडफोन एकाच डब्यातून निघाला तरी खर्जदादांना जो आवाज ऐकू येतो तो मला येणार नाही. परभणीकरदादा, तुमच्या धोतरानंही हेच होतं. घाम टिपला जातो आणि फटीतून बेस जातो. तुम्ही 'आवाज उत्तम' म्हणताय तो धोतराआधीचा की नंतरचा?

आणि वजनाचं. कागदावरचा आकडा बघून फसू नका. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ २५० ग्रॅम, म्हणजे बरोबर पाव किलो. सेनहायझरचा मोमेंटम ४ २९३. अ‍ॅपलचा एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या घरात, दीड पावाच्याही वर. आकडे बघून कुणीही पहिला उचलेल. पण अ‍ॅपलच्या डोक्यावरची पट्टी जाळीची आहे नि गादी विणलेल्या कापडाची. सोनीची गादी नकली चामड्याची. आता उन्हाळ्यात कुठला बरा? मी भाचीचा दीडपावी दोन दिवस वापरला. कान कोरडे राहिले, मान मात्र तिसऱ्या तासाला बोलू लागली. चष्म्याला तिसराच त्रास असतो, दाब. कप डोक्याला किती आवळतात ते कुठल्या डब्यावर लिहिलेलं नसतं. माझ्या कानामागं दीड तासानं काडीचा वळ उठतो, बोटानं चाचपता येतो.

कुलरपुढचा_परभणीकर
ताई, धोतराचा मुद्दा बिनतोड. आत्ता काढून ऐकलं. खरंच खालचा भाग गेलेला होता आणि महिनाभर माझ्या ध्यानातही आलं नाही. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं ना? बेस गेलेला मला महिनाभर कळला नाही, घाम मात्र पहिल्या दिवशी कळला!

खर्ज
म्हणजे कान तयार नाहीत. त्याला निकष म्हणत नाहीत. 😄

ताईंचं मात्र पटलं. मला चष्मा नाही, म्हणून हा विचार कधी शिवलाच नव्हता.

वायरवाला_नांदेड
हे सगळं वाचून एवढंच विचारतो, ब्लूटूथ कशाला? त्या पैशात वायरचा असा हेडफोन येतो की हे सगळे पाणी भरतील. कपाची पाठ उघडी असलेला घ्या, वारा खेळतो, घामही कमी. बॅटरी मरायची भानगड नाही.

वाळूज_नाइटशिफ्ट
पाठ उघडी म्हणजे कुलरही आत आणि तुमचं गाणंही बाहेर. आमच्या बसमध्ये लावून दाखवा, मागच्या सीटवरचे उठून येतील.

खर्ज
वायरवाले, तुमच्या बाजूनं मीही होतो. ब्लूटूथमध्ये माल कापून पाठवतात म्हणून. त्या कापायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात, एसबीसी आणि एलडीएसी हे त्यातलेच. सीडीत सेकंदाला १४११ किलोबिट असतात, साध्या एसबीसीत जेमतेम सव्वातीनशे, एलडीएसीत फार तर ९९०. (आयफोनला एलडीएसी चालत नाही, त्यामुळे आयफोनवाल्यांनी डब्यावरच्या 'हाय-रेझ'च्या सोनेरी चिन्हाचे पैसे मोजू नयेत.) मग मुलाला बसवलं. त्यानं माझ्या पाठीमागं फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कधी एसबीसी, कधी एलडीएसी लावायचं, मी ओळखायचं. आवाजाची पातळी तीच, मुद्रण तेच. दहा वेळा. सहा बरोबर आले. नाणं उडवून पाच आले असते.

हे इथं लिहिताना हात जड झालेत. आठ महिने मी लोकांना एलडीएसीशिवाय घेऊ नका म्हणून सांगत होतो.

आणि खरं सांगायचं तर मी ऐकतो ते बहुतेक कॅसेटवरून उतरवलेल्या जुन्या मैफली. त्यात टेपची खसखस, कुणाचं तरी खोकणं, मध्येच कपबशी वाजते. एवढ्या मालाला ९९० किलोबिटांचा रस्ता कशाला?

कुलरपुढचा_परभणीकर
मग तुमच्या आवाजाच्या बाजूचं उरलं काय?

खर्ज
सगळंच उरलं. कोडेक गेला, स्वर कसे तोललेत ते उरलं. बेस किती, मधली पट्टी पुढं आहे की मागं, 'स' टोचतो का. तुमच्या कामाला तर तीच मधली पट्टी लागते, माणसाचं बोलणं तिथंच असतं. हे किमतीशी बांधलेलं नसतं. येरून ब्रेबार्ट या संशोधकानं २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मापं किमतीशी लावून पाहिली. संबंध निघाला नाही. म्हणून म्हणतो, कानानं पारखा. आणि दुकानात दोन हेडफोन ताडताना आधी दोघांचा आवाज सारखा करा. जो जरा मोठा असतो तो नेहमी चांगला वाटतो, विक्रेत्याला हे तुमच्याआधी ठाऊक असतं.

बेस फुगलेला असेल तर अ‍ॅपमधल्या इक्वलायझरनं उतरवता येतो. तुमची घामाची गादी कुठलं अ‍ॅप कोरडी करणार?

(हे माझ्याच विरोधात गेलं. राहू द्या.)

चष्मा_अंबाजोगाई
राहू द्या कसं! मी स्क्रीनशॉट काढलाय.

संबळ_तुळजापूर
थोडं वेगळं. आमच्या घरात संबळ पिढ्यान्‌पिढ्या. पोरगं शिकायलंय, म्हणून मुद्रण लावून त्याच्यावर वाजवायला पाहुण्याकडचा भारी वायरलेस मागून आणला. ऐकायला फसक्लास, संबळाची दोन्ही तोंडं येगळी कळायलीत. पण फोनातल्या व्हिडिओत बोट दाबून जागा धरावी तर पडद्यावरचा हात आधी आन ब्लूटूथचा आवाज मागून. पोराची लयच बिघडली. परत दिला. वायरचा तीनशेवाला लावलाय, आता बरोबर बसतंय. वाजवणाऱ्यानं ब्लूटूथच्या नादी लागू नये.

वायरवाला_नांदेड
दंडवत घ्या महाराज.

लातूर_हॉस्टेल
मला कुणी नवा सांगितलाच न्हाई. दोस्ताला बाहेर जा म्हणलं तर तो म्हणतोय तूच जा.

कुलरपुढचा_परभणीकर
खर्जसाहेब, वाद इथं मिटायचा नाही. पुढच्या रविवारी परभणीला या. दुपारी दोन वाजता, पुढच्या खोलीत, कुलर तीनवर. तुमचा हेडफोन आणा, माझा आहेच. तुम्ही तुमचा तानपुरा लावा आणि दोन तास एकदाही न काढता बसून दाखवा. बसलात तर आवाजाचे मार्क पन्नास करतो.

खर्ज
येतो. सकाळची गाडी पकडतो. पण कुलरला वाळ्याची ताटी आहे का गवताची? गवताच्या ताटीत पाणी टपटपतं, आणि ती टपटप नॉइज कॅन्सलिंगला जात नाही.

कुलरपुढचा_परभणीकर
गवताची. टपटपतं.

चष्मा_अंबाजोगाई
वाळ्याची घालून घ्या दादा, पाहुणा येतोय. आणि मधल्या वेळात लाइट गेली तर?

कुलरपुढचा_परभणीकर
ताई, तुम्ही अशुभ बोलू नका.