उत्तर: उत्तर: संक्रांतीचं (जानेवारी २०२६) फॅमिली तिकीट, तिसऱ्या मुलाचं काय??

हाउन्स्लोची ताई:
खजिनदार दादा, फॉर्मवर फॅमिली म्हणजे २ मोठे + २ मुलं एवढंच येतंय, आमच्या धाकट्याला कुठे टाकू? गणपतीला पण हेच झालं होतं आणि दारावर काय बोलणं झालं ते सगळ्यांना माहितीय, परत नको. ब्रिटिश सरकारने टू चाइल्ड लिमिट (युनिव्हर्सल क्रेडिट या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी मदतीत तिसऱ्या मुलापासून पैसे नाहीत हा नियम) काढलं, मंडळ कधी काढणार?

खजिनदार:
ताई, केटरर डोकी मोजून पैसे घेतो, फॅमिली बघून नाही. खाली 'जास्तीचं मूल' आहे ते टिक करा. आणि सरकारने ते लगेच काढलेलं नाही, अर्थमंत्री रेचल रीव्हजनी २६ नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये नुसतं जाहीर केलं, लागू एप्रिल २०२६ पासून. संक्रांत जानेवारीत येते.

स्लाऊचे काका:
फॉर्मचं राहू दे, काढतायत तेच चूक आहे. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे तेव्हाचे अर्थमंत्री ऑस्बॉर्न यांनी २०१५ ला आणलं तेव्हा हिशोब सरळ होता, नोकरी करणारा माणूस तिसऱ्याचा विचार करताना खिसा बघतो तसा बेनिफिटवाल्याने पण बघावा. त्याच पक्षाच्या बेडनॉकबाई परत लावू म्हणतायत ते बरोबरच आहे. आम्ही दोनावर थांबलो, कुणी विचारलं पण नाही आम्हाला.

क्रॉयडनच्या वहिनी:
काका, तुमचा मान ठेवून सांगते, ज्यांना हा नियम लागतो त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत कुणीतरी कामाला जातंय. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे घरी बसलेले असं नसतं, पगार कमी आणि भाडं जास्त असलं की नोकरी असून घ्यावं लागतं. आणि मूल होताना खिसा ठीक असतो हो, नवरा आजारी पडतो किंवा सोडून जातो ते नंतर, तेव्हा काय तिसरं परत करायचं? नियम तरी कसला, एप्रिल २०२६ पर्यंत, ६ एप्रिल २०१७ ला किंवा नंतर जन्मलेलं तिसरं असेल तर त्याचे पैसे नाहीत. आमच्या रस्त्यावर दोघी जावा आहेत, एकीचा तिसरा त्या मार्चमधला, दुसरीचा मे मधला, एकाच शाळेत एकाच वर्गात, एकीला मिळतात एकीला नाहीत. बलात्कारातून झालेलं मूल असेल तर सूट, पण त्यासाठी बाईने फॉर्म भरून सांगायचं. हे तुम्हाला सरळ वाटतं?

ग्लासगोहून:
आमच्याकडे स्कॉटिश चाइल्ड पेमेंट आहे, २०२५-२६ ला आठवड्याला २७.१५ पौंड, १६ च्या आतल्या प्रत्येक मुलामागे, कितवं ते बघत नाहीत. युनिव्हर्सल क्रेडिट वगैरे चालू असलं पाहिजे मात्र. बाकी आमच्या संक्रांतीला मुलं फ्री आहेत 😀

खजिनदार:
ग्लासगोचा हॉल कुणाच्या ओळखीने फुकट मिळतो ते पण लिहा की.

स्लाऊचे काका:
वहिनी, मग सत्तेतल्या तुमच्या लेबर पक्षाने लिमिट इतके दिवस का ठेवलं?

क्रॉयडनच्या वहिनी:
माझं कसलं लेबर! उलट सगळ्यात जास्त राग त्यांचाच. विरोधात असताना जुलै २०२३ मध्ये लेबरचे नेते स्टार्मर म्हणाले लिमिट ठेवणार. वर्षभराने सत्तेत आल्या आल्या स्कॉटलंडच्या एसएनपी पक्षाने लिमिट काढायची दुरुस्ती आणली, लेबरच्याच सात खासदारांनी तिच्या बाजूने मत दिलं तर सातही निलंबित, मॅकडॉनेल, लाँग-बेली, झारा सुलताना सगळे. आता तेच सरकार तेच करतंय आणि बाकं वाजतायत. रिफॉर्म पक्षाचे फराजसाहेब मे २०२५ मध्ये म्हणाले आम्ही काढू, मग म्हणाले फक्त नोकरी करणाऱ्या ब्रिटिश जोडप्यांसाठी. विरोधी बाकावरून बोलायला काय जातं, बिल दुसऱ्याच्या नावावर.

सचिव:
कृपया पक्षांची नावं लिस्टवर नकोत, मंडळ चॅरिटी आहे. कौन्सिलर हळदीकुंकवाला येऊन भाषण करून गेले तेव्हाची पत्रं अजून माझ्याकडे आहेत. आणि फॉर्म मी बनवलेला नाही, तरी आज ३ चा पर्याय टाकलाय, ४ कुणी मागू नये.

रेडिंगचा नवीन सभासद:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर, तिसरं बाळ मार्चमध्ये अपेक्षित. व्हॉट्सॲपवर आलंय की एप्रिलपासून तिसऱ्याचे महिना २९२ पौंड सगळ्यांना, अर्ज कुठे करायचा?

क्रॉयडनच्या वहिनी:
अभिनंदन, आणि थांबा! अर्ज करू नका. तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही) असणार, युनिव्हर्सल क्रेडिट आणि चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा वेगळा सरकारी भत्ता) दोन्ही त्यात येतात, घेतलं तर पुढे आयएलआरला (कायम राहायच्या परवानगीला) नडेल. बाळ इथे जन्मलं म्हणून फरक पडत नाही, आईबापांचं स्टेटस बघतात.
ज्यांच्याकडे आयएलआर किंवा पासपोर्ट आहे त्यांच्यासाठी, कारण मला रोज फोन येतायत: चाइल्ड बेनिफिटला दोनाचं बंधन कधीच नव्हतं. २०२५-२६ ला पहिल्याला आठवड्याला २६.०५ पौंड, पुढच्या प्रत्येकाला १७.२५. आईबापांतल्या एकाचं उत्पन्न ६० हजारांच्या वर गेलं की टॅक्समधून परत घ्यायला लागतात, ८० हजारांना सगळंच गेलं. बंधन होतं ते युनिव्हर्सल क्रेडिटच्या मुलांच्या रकमेला, ते २९२ तिथले, २०२५-२६ चे. तिसऱ्याची नोंद तिथे केली नसेल, मिळत नव्हते म्हणून बऱ्याच जणी करत नाहीत, तर आत्ताच युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्ये करा. आणि बेनिफिट कॅप (एकूण मदतीची कमाल मर्यादा) तसाच आहे, लंडनमध्ये कुटुंबाला वर्षाला २५,३२३ पौंड, कमाई ठरावीक रकमेच्या वर असेल तर लागत नाही. ज्यांचं आधीच कॅपला टेकलंय त्यांच्या हातात एप्रिल २०२६ मध्ये काही पडणार नाही.

स्लाऊचे काका:
६० हजार एकाचं बघतात हे मात्र अन्यायाचं आहे. दोघं ५५-५५ कमावणारे पूर्ण घेतात आणि आमच्या मुलाचा एकट्याचा पगार तर तो भरतोय. याविरुद्ध कोण बोलतंय?

रेडिंगचा नवीन सभासद:
धन्यवाद वहिनी. माझ्या मेव्हण्याकडे आयएलआर आहे, त्याच्या नावाने केला तर चालेल का?

क्रॉयडनच्या वहिनी:
असलं लिस्टवर लिहू नका हो. मूल मेव्हण्याकडे राहणारे का? मग नाही. संध्याकाळी सातनंतर फोन करा, नंबर सचिवांकडे आहे.