तातडीने मदत हवी : बॅग 31 किलो भरतेय, काय काढू?

फोंड्याचो_पोर : मंडळी, जरा लवकर सांगा. व्हॉलंटिअरिंगला जातोय. तिकिटावर 23 किलो लिहिलंय, काटा 31 दाखवतोय आणि आई अजून लोणचं आणून ठेवतेय. वह्या-पेन्सिली आणि फुटबॉल न्यायचेच आहेत. स्लीपिंग बॅग लागेल का? गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

डिचोलीकर : कुठे जातोयस? कधी, किती दिवस?

फोंड्याचो_पोर : आफ्रिकेत. दोन महिने.

डिचोलीकर : आफ्रिका काय पेडणे तालुका आहे? देश सांग रे.

फोंड्याचो_पोर : केनिया, किसुमू. शाळेत शिकवायचंय. पुढच्या आठवड्यात, म्हणजे जुलै लागला की निघतोय.

म्हापशेची_बाय : लोणचं काढू नको हं. बरणीतून काढून डबल पिशवीत बांध. सोलां, म्हणजे आमसुलं, घे, वजनाला काहीच नाहीत. सुकी सुंगटं, आपली कोळंबी, तीही घे, किसुमूला जाऊन त्यांची खोबरं घालून किसमूर नको?

डिचोलीकर : सुकी सुंगटं बॅगेत? दोन महिने सगळ्या शर्टांना वास येईल. शिवाय कस्टमवाले आहेतच.

तारवटी_काका : पिशव्या कसल्या बांधताय? केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, दंडही जबर. सगळं कापडात बांध. आणि बाबा, यलो फीवरची लस घेतलीस का?

फोंड्याचो_पोर : भारतातून येणाऱ्याला केनिया ती मागत नाही, बघितलंय मी. काका, मी बॅगेचं विचारलंय.

तारवटी_काका : केनिया नाही, भारत मागतो. परत येताना लसीचं कार्ड नसलं तर विमानतळावरून थेट क्वारंटाईन, सहा दिवसांपर्यंत. लस टोचल्यावर 10 दिवसांनी कार्ड लागू होतं, तुझं परतणं त्यात आरामात बसतं. पण तिथल्या तापाला तुझी परतीची तारीख माहीत नसते, म्हणून उद्याच बघ. आम्ही जहाजवाले मुरगावला पोर्ट हेल्थमध्ये घ्यायचो. आधी फोन कर, पासपोर्ट ने. एकदा घेतली की जन्मभर चालते. पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेव, बॅगेत टाकू नको. मलेरियाच्या गोळ्यांचंही डॉक्टरला विचार, काही निघायच्या आधीच सुरू कराव्या लागतात.

मडगावची_मीरा : स्वेटर ने. जुलैत नैरोबीला चांगली थंडी असते.

तारवटी_काका : तो किसुमूला चाललाय. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी स्वेटर घालून घाम पुसत बसेल.

मडगावची_मीरा : आणि विमान बदलताना नैरोबीत कुडकुडेल त्याचं काय? जॅकेट अंगावरच घाल, म्हणजे वजनात धरत नाहीत.

साखळी_सर : वह्या-पेन्सिली इथून कशाला? तिथल्या दुकानात घे, त्याचा धंदा होईल आणि तुझं ओझं उतरेल. खरं तर दोन महिन्यांत शिकवून काय साधणार? आपल्या सत्तरी तालुक्यातल्या शाळांत ये की.

डिचोलीकर : सर, त्याने बॅगेचं विचारलंय.

जुना_नैरोबीकर : आमचे आजोबा तिथे रेल्वेत कारकून होते. ती लाईन 1901 साली किसुमूला पोचली, तेव्हा त्याचं नाव पोर्ट फ्लॉरेन्स होतं. गोंयकार क्लब होते, हॉकी चालायची...

म्हापशेची_बाय : अय्या, माझे मामा पण नैरोबीलाच!

अडॅप्टर_वाला : तिथे तीन चपट्या पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा प्लग असतो. अडॅप्टर घे. व्होल्टेज आपल्यासारखंच. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. आणि मोपा विमानतळ ते मुंबई वेगळं तिकीट काढलंयस का?

फोंड्याचो_पोर : हो. का?

अडॅप्टर_वाला : मग त्या विमानात बहुतेक 15 किलोच. वरच्या प्रत्येक किलोला पैसे.

फोंड्याचो_पोर : 15??? हे आधी का नाही सांगितलं कोणी?

अडॅप्टर_वाला : तिकिटं दोन आहेत हे तू तरी कुठे सांगितलंस?

डिचोलीकर : कोकणकन्येने जा. गाडीत काटा घेऊन कोण बसलंय?

मडगावची_मीरा : जुलैत कोकण रेल्वे? दरड कोसळली की विमान गेलं.

डिचोलीकर : एक दिवस आधी निघायचं. आम्ही पावसाळ्यात मुंबई गाठतोच की.

फोंड्याचो_पोर : कोकणकन्या वेटिंग दाखवतेय. स्लीपर बस बघतो. बसवाले पेटीचे वेगळे घेतात का?

तारवटी_काका : बस नंतर बघ. आधी मुरगावला फोन लाव.