व्हाउचर, कूपन, गिफ्ट कार्डात फसलात किंवा थोडक्यात वाचलात? अनुभव लिहा

गेल्या गणेश चवथीच्या आधी आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली, वाड्यावरच्याच काकींनी पाठवलेली म्हणून तिने उघडली. चाक फिरवा, २००० चं व्हाउचर मिळवा. चाक २००० वरच थांबलं (सगळ्यांचं तिथेच थांबतं, नंतर मी माझ्या फोनवर बघितलं), मग दहा ग्रुपवर पाठवा, मग ४९ रुपये प्रोसेसिंग फी, कार्ड नंबर टाका. ओटीपीच्या मेसेजमध्ये ४९ नव्हते, ४९०० होते. आईने चष्मा लावला नव्हता. माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात ती) सामानाला बाजूला ठेवलेले पैसे ते. पण तिला पैशापेक्षा जास्त लागलं ते हे की तिनेच तो मेसेज भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. म्हणून धागा काढतेय. तुमचं काय झालं ते सविस्तर लिहा, लाजू नका.

काणकोणकर

ताई, आईंना सांगा त्यांची चूक नाही. आमच्या पाळोळ्याजवळ तीन खोल्या आहेत, भाड्याने देतो. डिसेंबरात रात्री साडेदहाला एक कुटुंब दारात उभं, दोन लहान मुलं झोपेला आलेली, हातात छापलेलं व्हाउचर, ३ रात्री ६० टक्के सूट. त्यावर फोटो आमच्याच घराचा, पायरीवर बसलेलं आमचं कुत्रंसुद्धा त्यात. खालचा नंबर मात्र आमचा नव्हता. साडेसात हजार भरले होते त्यांनी. खोल्या तिन्ही भरलेल्या, शेवटी हॉलमध्ये गाद्या घातल्या, बायकोने सोलकढी-भात वाढला. त्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही खरंच तेच ना? त्या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही, आजही ते आठवलं की वाईट वाटतं. गोव्यात येणाऱ्या पाहुण्यांना सांगा, पैसे भरायच्या आधी व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला लावा, अंगण दाखवायला लावा. ज्याचं घर आहे तो दोन मिनिटांत दाखवतो.

डिचोलीची काजूवाली

मी घरचे काजू ऑनलाइन विकते. एकाने ४ किलोची ऑर्डर दिली, म्हणाला पैसे गिफ्ट व्हाउचरने देतो, क्यूआर पाठवतो, स्कॅन केलं की तुमच्या खात्यात जमा. स्कॅन केल्यावर यूपीआय पिन मागितला. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही, हे भाच्याने सांगितलेलं तेव्हा आठवलं आणि हात थांबला. पूर्वी हेच लोक यूपीआयवर पैशाची रिक्वेस्ट पाठवायचे (हो म्हणून पिन टाकला की आपलेच पैसे जायचे), ती माणसामाणसांतली सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय, म्हणून आता क्यूआर.

मडगाव०८३२

माझं गिफ्ट कार्डाचं. ग्रुपवर एकजण २००० चं कार्ड १४०० ला देत होता, फोटोत कोडचे शेवटचे चार आकडे झाकलेले. पैसे दिल्यावर पूर्ण कोड आला, मी बॅलन्स तपासला, २००० होते, खूश झालो, म्हटलं संध्याकाळी घरी जाऊन ऑर्डर करू. संध्याकाळी शून्य. कोड त्याच्याकडेही होताच ना, आणि जो आधी वापरेल त्याचा. तो कोड अजून किती जणांना विकला असेल देव जाणे. बॅलन्स दिसला म्हणजे कार्ड आपलं झालं असं नाही, अनोळखी माणसाकडून उघडलेला कोड घेऊच नका, कितीही स्वस्त असो.

फोंड्याचा बँकवाला

दोन गोष्टी. बँक किंवा वॉलेटवाल्यांचं गिफ्ट कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमाने जास्तीत जास्त १०,००० चं असतं आणि मुदत किमान १ वर्ष. म्हणजे कोणी असं कार्ड २५ हजारांचं आहे, आज रात्री १२ ला संपतंय म्हणून घाई करत असेल तर तिथेच थांबा. दुसरं, पैसे गेलेच तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळवत असतो, ते जिथे असतील तिथे अडवता येतात, रात्र गेली की अवघड. व्यवहाराचा यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराला मिळणारा ओळख क्रमांक) जवळ ठेवा, स्क्रीनशॉट काढा, चॅट पुसू नका. नंतर गोव्यात रायबंदरला सायबर पोलीस स्टेशन आहेच.

पेडणे_मुलगी

माझे आज सकाळी ११ वाजता ३२०० गेलेत, ड्रेसच्या कूपनच्या नादात. घरी अजून सांगितलेलं नाही. १९३० ला नेमकं काय सांगायचं?

फोंड्याचा बँकवाला

बाय, इथे लिहीत बसू नको, आत्ता लाव. किती गेले, किती वाजता, कुठल्या बँकेतून, यूटीआर, एवढंच विचारतात. लागला नाही तर पुन्हा पुन्हा लाव, नाहीतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाक. बँकेलाही कळव, कार्ड दिलं असशील तर ब्लॉक कर.

पेडणे_मुलगी

तिसऱ्यांदा लागला. तक्रार नंबर मेसेजमध्ये आलाय, कार्डपण ब्लॉक केलं. बाबांना सांगायला जातेय.