कॅबिनेटच्या वरचा पुढचा फॅन काढून टाका, पटत नसेल तर भांडा

हडपसरी: मंडळी, रविवारी पीसी उघडला, जवळजवळ दोन वर्षांनी, आणि मागच्या, कार्ड बसवायच्या स्लॉटच्या पट्ट्यांच्या आतून धुळीची अक्षरशः गोधडी. पुढची जाळी मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. म्हणजे धूळ समोरून आलीच नाही, मागच्या फटीतून आली. माझ्याकडे 120 मिमीचे पाच फॅन: पुढून दोन आत, मागून एक बाहेर, वरून दोन बाहेर. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलोय ना, म्हणून वर दोन ठोकले होते. पण बाहेर फेकणारे जास्त झाले की कॅबिनेट मिळेल त्या फटीतून हवा ओढतं, आणि फटीला कुठली जाळी. शिवाय वरचा पुढचा फॅन समोरून आलेली थंड हवा सीपीयूच्या कूलरला मिळायच्या आधीच पळवतो. तो काढून पुढे तिसरा म्हणून लावला, आता 3 आत 2 बाहेर. त्याच गेममध्ये सीपीयू 78 वरून 74. गरम हवा वर जाते वगैरे फॅन फिरायला लागला की विसरा, पंखा म्हणेल तिकडे ती जाते.

विदर्भातला_गेमर: भाऊ, पुण्यात बसून बोलून राहिला तू. इथं मे महिन्यात दुपारी खोलीच 40 असते. माझं ग्राफिक्स कार्ड 3080 आहे, 320 वॅटचं, म्हणजे डब्यात बारीकशी शेगडीच. आतली गरमी बाहेर नको का फेकायला? मी वर दोन, मागं एक, तिन्ही बाहेर, पुढं दोन आत. धूळ दिवाळीत झाडतो, कार्ड जळलं तर पैसे तू देशील का?

हडपसरी: कार्ड जळत नाही हो भाऊ, तापलं की क्लॉक म्हणजे आपला वेग कमी करतं, गेम अडखळतो. आणि बाहेर तेवढीच हवा जाणार जेवढी आत येईल. खोली 40 असेल तर कितीही फॅन लावा, आत 40 च्या खाली काही जाणार नाही. इकडे खोली 28 असताना कार्ड 70 असेल तर तुमच्याकडे 82 च्या आसपास दिसणार, तो दोष फॅनचा नाही, उन्हाचा.

विदर्भातला_गेमर: म्हणून तर मी खोलीतल्या पाण्याच्या कूलरसमोर ठेवतो पीसी 😎

मिरजेचा_मेकॅनिक: अरे कूलरसमोर नको!! बोअरचं पाणी असेल तर ताटीवर पांढरी खार धरते बघितलीय ना, त्याचे तुषार आणि दमट हवा थेट बोर्डावर घेताय.

आणि हडपसरी, तुमचं गणितही अर्धवटच. पुढचे तीन जाळीतून ओढतात, मागचे-वरचे मोकळे फेकतात. जाळी तुंबली की तीनचे दीड होतात. माझेही 3 आत 2 बाहेर होते, एकाच मापाचे, एकाच स्पीडला, कागदावर एकदम पॉझिटिव्ह प्रेशर, म्हणजे बाहेर जाते त्यापेक्षा आत जास्त हवा. एकदा देवघरातली उदबत्ती आणली, खोलीतला पंखा बंद केला आणि मागच्या स्लॉटच्या फटींजवळ हळूहळू फिरवली. धूर सरळ वर जायचा सोडून वाकून फटीत शिरायला लागला, बारीक दोरा ओढल्यासारखा. जाळी काढून बघतो तर महिनाभराच्या धुळीचं फेल्ट तयार. धुतली, सावलीत वाळवली, परत लावली, आता तोच धूर फटीपासून लांब ढकलला जात होता. त्यामुळे फॅन मोजू नका, धूर बघा.

ठाणेकर_आरजीबी: उदबत्तीवरून आठवलं, माझी गंमत ऐका. दुकानातूनच जोडून घेतलेला पीसी, दोन बाजूंना काच, नऊ फॅन, दिसायला लग्नाचा हॉल. तरी कार्ड 84 आणि आवाज गिरणीसारखा. शेवटी एकेका फॅनसमोर टिश्यूचा कपटा धरला तर नऊच्या नऊ बाहेर फेकतायत! बाजूचे आणि खालचे आत घेणारे हवे होते, पण नेहमीच्या फॅनची हवा ज्या बाजूने बाहेर पडते तिकडे मोटरच्या दांड्या असतात, त्या काचेतून दिसू नयेत म्हणून त्या माणसाने सगळे उलटे बसवलेले. सहा सुलटे केले, कार्ड 75. दांड्या दिसतात आता, दिसू देत. (यासाठी उलट्या पात्याचे फॅन वेगळे मिळतात, नंतर कळलं.)

जुना_खेळाडू: नऊ फॅन वाचूनच हसू आलं राव. पुढे दोन, मागे एक, संपला विषय. त्याच आवाजाचे फॅन दुप्पट केले की 3 डेसिबल वाढतात आणि तिसऱ्या-चौथ्या फॅननंतर एखाद-दुसऱ्या डिग्रीचा फरक. पैसे जाळीवाल्या कॅबिनेटमध्ये घाला, समोर सपाट काच आणि बाजूला बोटभर फट असली की मागे विमानाचं इंजिन लावलं तरी काय ओढणार. बाकी माझं झाकण उघडंच असतं, शेजारी टेबल फॅन.

हडपसरी: जाळीचं शंभर टक्के मान्य. झाकणाचं नाही, घरात मांजर आहे.

मिरजेचा_मेकॅनिक: एक राहिलं, धूळ उडवायला ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, भिरभिरू देऊ नका, बेअरिंगची वाट लागते. आणि बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापलं की किती स्पीड ते, थोडा सपाट करा, दर दोन सेकंदाला वर-खाली होणारा आवाज डोकं उठवतो.

विदर्भातला_गेमर: आत्ताच केलं उदबत्तीचं. धूर मागून सटासट आत जाऊन राहिला, मान्य. वरचा पुढचा काढला, सीपीयू 3 डिग्री खाली, कार्ड जिथल्या तिथं. पण वरचा मागचा काढणार नाही, आणि कूलरही हलवणार नाही, फक्त तोंड जरा पलीकडं केलं. आई विचारून गेली की पीसीची पूजा काहून चालली, दसरा तर लांब आहे.

हडपसरी: वरचा मागचा काढा असं मी म्हटलंच कुठे भाऊ, शीर्षक वाचा की!