‘पीडित’ म्हणजे कोण? पीडिता, फिर्यादी, टाकलेली

विचारणा (तासगाव)

शाळेतल्या पालकसभेसाठी मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविषयी पत्रक लिहिते आहे. ‘पीडित मुलगी’ लिहिताना कुणी अडवत नाही. ‘पीडित मुलगा’ लिहिलं की सहकाऱ्यांना खटकतं. एका सरांनी तर ‘मुलाच्या बाबतीत गैरप्रकार झाल्यास’ असं करून दिलं. पीडित हा शब्द बायकांपुरताच आहे का? आणि ‘पीडिता’ बरोबर की ‘पीडित’?

उत्तर (सांगली)

व्याकरणात काहीच अडचण नाही. पीडित हे विशेषण आहे आणि मराठीत ते लिंगाप्रमाणे बदलत नाही. पीडित मुलगा, पीडित मुलगी, पीडित कुटुंब, सगळं चालतं. दुष्काळपीडित म्हणताना बाई की बाप्या हे आपण बघत नाही. ‘पीडिता’ हे संस्कृत स्त्रीलिंगी रूप, चुकीचं नाही, पण ‘पीडित मुलगी’ने काम भागत असताना त्याची गरजही नाही.

खरी गोम वापरात आहे. मी एका दैनिकाच्या जिल्हा पानाचं काम बघतो. कोयत्याचा वार झालेला तरुण बातमीत ‘जखमी’ असतो, दुसऱ्या परिच्छेदात ‘फिर्यादी’ होतो. अत्याचार झालेली तरुणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ‘पीडिता’. वास्तविक तीही स्वतःच्या पायांनी ठाण्यात गेलेली असते, जबाब तिनेच दिलेला असतो. कित्येकदा फिर्यादी तीच असते. तरी आमच्या हातून तिला तो शब्द मिळत नाही.

मुलगा असेल तर आणखी वेगळंच. बातमी येते, ‘मुलावर अनैसर्गिक कृत्य’. हा शब्द भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून आला. त्या कलमाचा रोख कृत्य निसर्गाला धरून आहे की नाही यावर होता, मुलाला काय सोसावं लागलं यावर नव्हता. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यात बालक म्हणजे अठरा वर्षांखालची कोणतीही व्यक्ती, मुलगा-मुलगी हा भेदच नाही. म्हणजे कायदा पुढे गेला आणि मथळा मागेच राहिला. प्रौढ पुरुषाच्या बाबतीत मात्र कायदाही मागे आहे. दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या ‘पुरुषाने स्त्रीवर’ अशीच राहिली आणि 377 ला पर्यायी कलम आलंच नाही. ज्याच्यावर असा अत्याचार झाला त्या पुरुषाला आज मारहाण, दुखापत अशा कलमांचाच आधार घ्यावा लागतो.

तुमच्या सरांना एक आकडा जरूर दाखवा. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत केलेला बाल अत्याचाराचा अभ्यास 2007 साली आला. त्यात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते.

उत्तर (मिरज)

मी परिचारिका आहे. केसपेपरवर ‘कशामुळे लागलं’ लिहिताना बाई सांगते, न्हाणीत पाय घसरला. पुरुष सांगतो, गाडीवरून पडलो. न्हाणीत पडून पाठीवर पट्ट्याचे वळ उठत नाहीत आणि गाडीवरून पडून दंडावर चाव्याची खूण येत नाही, हे आम्हाला कळतं.

खरं बाहेर आलं की पुढचं ऐका. बाईला तिची सासूच नव्हे, सोबत आलेली तिची आईसुद्धा विचारते, ‘तू काय बोललीस म्हणून हात उचलला?’ पुरुषाला विचारायचीही तसदी कुणी घेत नाही, वॉर्डात हसू फुटतं. ‘बायकोचा मार खाल्ला!’ मार खाणे हे क्रियापद बघा. मारणारा वाक्यातून पसार, आणि कर्ता कोण, तर ज्याला लागलं तो. शेजारचा पेशंट वर ‘बांगड्या भरा आता’ म्हणतो. त्या एका वाक्यात त्या माणसाचा अपमान आहे आणि बांगड्या भरणारी मार खाण्यासाठीच असते हेही गृहीत आहे.

प्रमाण मात्र विसरू नये. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. पुरुषाचं दुखणं मान्य करायला हा आकडा लहान करावा लागत नाही. काहीजण वादासाठी तेच करतात, मला त्याचा संताप येतो.

उत्तर (सातारा)

आमच्या भागातला ‘नांदणे’ घ्या. बाई नांदते, पुरुष नांदवतो. ‘नांदवत नाही’ म्हटलं की दोष नवऱ्याकडे जाईल असं वाटतं, पण गावात विचारतात ते ‘का नांदंना झाली?’ असंच. मग ती ‘टाकलेली’. टाकलेला पुरुष मी कधी ऐकला नाही. बायको गेली तर तो ‘एकटा पडला’, त्याच्या जेवणाखाण्याची काळजी भावकी करते.

कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून याच बायकांना ‘परित्यक्ता’ म्हणून एकत्र आणलं. शब्द जड आहे, अर्थही जवळपास तोच. पण त्या नावाने बाया मोर्चात उतरल्या, हक्क मागू लागल्या. ‘टाकलेली’ म्हणून कुणी निवेदन देऊ शकत नाही.

‘विनयभंग’ही सोडून चालणार नाही. 1966 साली सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातला एक खटला होता, साडेसात महिन्यांच्या मुलीवरच्या अत्याचाराचा. एवढ्या तान्ह्या बाळाला विनय असतो का, यावर खल झाला. बहुमताने ‘असतो’ असा निर्णय आला, गुन्हा शाबीत झाला, हे खरं. पण बाळाला झालेल्या इजेऐवजी तिच्या विनयावर बोलावं लागलं ते शब्दामुळे. दंड संहितेतलं विनयभंगाचं कलम 354 न्याय संहितेत 74 झालं, शब्द तोच आहे.

उत्तर (सांगली)

एक राहिलं. लॉजवर छापा पडला की आमच्याकडे छापून येतं, ‘तीन पीडित महिलांची सुटका’. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. त्यातलीच एखादी गुंडाच्या मारहाणीची तक्रार घेऊन आली तर मात्र तिला पीडित म्हणायला कुणी तयार नसतं, ‘त्या धंद्यात हे व्हायचंच’ म्हणतात. आमच्याच सांगलीतल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी नावात ‘वेश्या’ शब्द ठेवून ‘अन्याय’ त्याच्या शेजारी बसवला. काय झालं ते सांगायचं आणि आपण कोण हेही आपणच सांगायचं, हा हक्क त्यांनी सोडला नाही.

2019 च्या महापुरात आपण सांगलीवाडीच्या लोकांना पूरग्रस्त म्हणालो. गडी आहेस, पोहून का आला नाहीस, असं कुणाला विचारलं नाही, की बाईमाणूस रात्री नदीकाठी काय करत होतीस असंही नाही.

विचारणा (तासगाव)

मग सगळीकडे नुसतं ‘मूल’ लिहू का? नपुंसकलिंगी आहे, वादच मिटेल.

उत्तर (मिरज)

नको. ‘मूल’ वाचून पालक मनात मुलगीच धरतील आणि मुलाचे वडील पत्रक घडी करून खिशात घालतील. ‘तुमच्या मुलावर किंवा मुलीवर कुणी लैंगिक अत्याचार केला तर’ असं लिहा. आधी मुलगा, आणि ‘कुणी केला’ हेही ठेवा, नुसतं ‘झाला’ नको. ‘गैरप्रकार’ काढून टाका. खाली मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 मोठ्या अक्षरात द्या, आणि तो नंबर मुलग्यांसाठीही आहे हे त्याच ओळीत लिहा.