प्रीएक्लॅम्प्सिया आणि पीपीएच (प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव): पीबीएलने (प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंगने) शिकवावं का?

निर्गुडी
युजीच्या (एमबीबीएसच्या) मुलांना प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) व्याख्यानातून शिकवणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी रुग्णाचा प्रश्न, मग वाचन, ही पीबीएल पद्धत कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ पासून चालू आहे. ८-१० जणांचा गट, तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन सत्रं. केस मात्र चार कागदांवर तोडायची. एक: पहिलटकरीण, ३४ आठवडे, डोकं दुखतंय, पायांवर सूज. दोन: बीपी १६०/११०, लघवीत प्रोटीन २+. तीन: प्लेटलेट ८०,०००, एसजीओटी (यकृताची तपासणी) वाढलेलं. चार: झटका. सगळं एकाच पानावर दिलं की मुलं 'एक्लॅम्प्सिया' (प्रीएक्लॅम्प्सियात झटका) म्हणून मोकळी होतात. कोणती तपासणी का मागवायची, हा विचारच होत नाही.

लेबररूम४
असहमत. १५० ची बॅच, दहाचा गट, म्हणजे एका वेळी १५ ट्यूटर. कुठल्या विभागात आहेत?
आणि झटका आल्यावर चर्चा नको, हात चालायला हवा. झटक्यावरचं औषध मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट), त्याचं एक ॲम्प्युल ५०%, २ मिली, म्हणजे १ ग्रॅम. प्रिचर्ड पद्धतीचा लोडिंग (सुरुवातीचा) डोस: ४ ॲम्प्युलमध्ये १२ मिली सलाइन, झालं २० मिली २०% द्रावण, ते शिरेतून सावकाश, किमान ५ मिनिटं. मग दोन्ही कुल्ल्यांत खोलवर ५-५ ग्रॅम. एकूण १४ ॲम्प्युल. गटचर्चेत फळ्यावर 'मॅगसल्फ द्यावं' एवढं लिहिलं जातं. प्रत्यक्षात तेच मूल ८ मिली पातळ न करताच शिरेत द्यायला निघतं.

निर्गुडी
ॲम्प्युल फोडायला स्किल लॅबच हवी, त्यावर वाद नाही. पण ही परिस्थिती घ्या: गुडघ्याचा जर्क आहे, श्वास मिनिटाला १८, चार तासांत लघवी फक्त ६० मिली. मॅगसल्फचे पुढचे ५ ग्रॅम द्यायचे? पाठांतरवाला दोन गोष्टी ठीक पाहून देऊन टाकतो. मॅग्नेशियम किडनीतूनच बाहेर पडतं हे ज्याने शोधून वाचलंय, तो १०० मिलीच्या खाली थांबतो आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट (१०%, १० मिली) हाताशी ठेवतो.

टाका-दोरा
दोघंही मुख्य अडचण सोडून बोलताय. ट्यूटर दहाव्या मिनिटाला व्याख्यान सुरू करतो, नाहीतर पुतळ्यासारखा बसतो. दुसऱ्या सत्रात सगळे एकाच ॲपच्या नोट्स वाचून दाखवतात. त्यावर उपाय म्हणजे केसमधली एक ओळ तिथल्या तिथे बदलणं. पीपीएच, गर्भाशय सैल, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन चालू, रक्तस्राव थांबत नाही. पुढचं औषध कोणतं? 'बीपी १५०/१००' म्हटलं की मेथर्जिन बाद. 'दमा आहे' म्हटलं की कार्बोप्रोस्ट बाद. 'प्रसूतीला चार तास झालेत' म्हटलं की रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची तीन तासांची वेळ गेलेली. नोट्स वाचून हे निभत नाही. मुलांच्या दोघादोघांच्या जोड्या केल्या तर १५० जणांच्या हॉलमध्येही जमतं, एक शिक्षक पुरतो.

लेबररूम४
हॉलमध्ये जमेल, पण त्यात दोन सत्रांमधलं स्वतःचं वाचन गेलं, म्हणजे निर्गुडींचा अर्धा मुद्दा गेला. शिवाय परीक्षेत एमसीक्यूच असतील तर मुलं ॲपकडेच वळणार. आधी ऑस्कीमध्ये (स्टेशनवार प्रात्यक्षिक परीक्षेत) एक स्टेशन ठेवा: ट्रेमध्ये ॲम्प्युल, सिरिंज, सलाइन आणि शेजारी ६० मिली लघवीचा तो चार्ट. तिथे मार्क कापले गेले की पीबीएलला हजेरी लागेल. तोवर माझी मुलं सोमवारी स्किल लॅबमध्येच.